कान दिसू द्या

आईचा उजवा कान फाटला तेव्हा मी शाळेत होते आणि आई केळीच्या बागेत.

अर्धापूर म्हटलं की लोकांना केळी आठवते. हिरव्या बागा, पाटाचं पाणी, रस्त्याच्या कडेला तोंड करून उभे असलेले ट्रक. ते सगळं खरंच आहे. पण बागा ज्यांच्या त्यांचं अर्धापूर वेगळं, आणि त्या बागांतले घड ज्यांच्या डोक्यावरून ट्रकापर्यंत जातात त्यांचं वेगळं. आम्ही या दुसऱ्या अर्धापूरचे. जमीन आमचीही होती, पण गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड. कुणी विचारलं तर 'हाय की' म्हणण्यापुरती. आबा ट्रक भरायचे, आई घड वाहायची. केळीचा चीक कापडाला लागला की काळा पडतो आणि कशानं म्हणजे कशानं जात नाही. म्हणून आईची कामाची साडी वेगळी, घरची वेगळी. तिसरी ट्रंकेत. ती बाहेर निघाली की आम्हाला कळायचं, कुणाचं तरी लग्न आहे.

त्या दिवशी ट्रकापाशी डोक्यावरचा घड उतरवताना खालच्या फणीत आईच्या कानातला झुबा अडकला. घड खाली गेला आणि झुबा घडाबरोबर गेला. ट्रक भरायचा होता. आईनं पदराचं टोक कानाला दाबून धरलं, आत्यानं कुठून तरी हळद आणून वर थापली, आणि उरलेले घड आईनं मान डावीकडं कलती ठेवून वाहिले. झुबा सापडला. टाका घालायला नांदेडला जाऊ, असं आबा म्हणत राहिले. पण कापणी चालू होती, आणि कापणी उलगली तोवर कान आपला आपण बरा झाला होता. फाटका तो फाटकाच, खालच्या पाळीला दोन फाका.

आमच्याकडं बायका डोक्यावरून पदर घेतातच. त्यामुळं पुढं कुणाला काही वेगळं दिसलं नाही. पण आईचा पदर त्या दिवसापासून डोक्यावरून राहिला नाही, कानावरून आला. हा फरक फक्त घरातल्यांना कळतो.

लातुरात चैत्र-वैशाख म्हणजे दोन गर्द्या एकदम. एक गर्दी परीक्षेची, एक लग्नाची. एका गल्लीतून क्लासची पोरं सूत्रं पुटपुटत चाललेली असतात आणि त्याच गल्लीच्या तोंडाला नवरदेव घोड्यावर अडकलेला असतो. हवेत डाळमिलची बारीक भुकटी, उसाच्या रसाच्या घुंगरांचा आवाज, आणि दुपारी असं ऊन की कुत्रीसुद्धा दुकानाच्या पायरीवर परवानगी मागून बसल्यासारखी बसतात. लग्न झाल्यापासून मी याच शहरात राहते. दरवर्षी ही गर्दी सुरू झाली की मी रक्त तपासायच्या लॅबमधून घरी येताना वाट वाकडी करते आणि मुनीरभाईंच्या दुकानावरून जाते. आत जात नाही. नुसता आवाज ऐकते.

"मान सरळ. हनुवटी खाली. हसू नको रे. कान दिसू द्या!"

मुनीरभाईंचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. मागं पांढरा पडदा, पुढं फिरतं स्टूल, आणि भिंतीवर आरसा, त्याच्या खिळ्याला दोरीनं बांधलेला कंगवा. क्लासच्या गल्लीत बसलेला माणूस. वर्षभर पोटापाण्याला फॉर्मचे फोटो. सगळ्या परीक्षांना एकच नियम: पाठीमागं पांढरं, चेहरा समोर, दोन्ही कान स्पष्ट. खेड्यापाड्यांतून आलेली किती पोरं त्या स्टुलावर बसून डॉक्टर झाली असतील, कोण जाणे. डॉक्टर न झालेलीही तिथंच बसली होती. मी त्यांतली, बारावीचं वर्ष लातुरात क्लासला काढलेली. पण मी बी.एस्सी. झाले. नांदेडच्या कॉलेजात, एस.टी.च्या पासावर. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी आहे, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. लाजायचं काय त्यात? डिग्रीचा फोटोसुद्धा मी मुद्दाम लातूरला येऊन मुनीरभाईंकडंच काढला. काळा गाऊन त्यांचा, दोरीनं बांधलेली गुंडाळीही त्यांचीच, आत कोरा कागद. डिग्री तेवढी माझी.

तो फोटो आबांनी अर्धापूरला भिंतीवर लावला, आजोबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. आईला ते शेजारपण आवडलं नाही. "जित्या माणसाचा फोटो मेल्या माणसाच्या बाजूला कशाला?" मग आबांनी तो उचलून समोरच्या भिंतीवर नेला.

आईचा फोटो मात्र कुठल्याच भिंतीवर नव्हता. घरात तिचा एकच फोटो, आधार कार्डावरचा. शाळेत कार्डं काढायला आले तेव्हा तिला पदर मागं घ्यायला लावला होता. रांगेत गावातले सगळे उभे, आणि सगळ्यांसमोर तो कान. ते कार्ड ती ट्रंकेत पालथं ठेवायची. पुढं कुणी मोबाईल वर केला की तिला नेमकी चुलीवरची डाळ आठवायची.

"एक तरी काढू दे की," मी म्हणायचे.

"फोटो काय करायचाय? फॉर्मला लागतो, न्हाईतर मेल्यावर हार घालाय लागतो. मी ना फॉर्म भरायले, ना मरायले."

माझं लग्न ठरलं अहमदपूरच्या बालाजीशी. तो लातुरात एका डाळमिलमध्ये हिशोबाला आहे. लग्न आमच्याकडं, अर्धापूरला, रस्त्यालगतच्या छोट्या कार्यालयात. लग्नाचा खर्च आबांनी आणि मी मिळून करायचा ठरवला आणि मी एक गोष्ट माझ्या अंगावर घेतली: फोटोवाला.

आईला ते उधळपट्टीचं वाटलं. "सगळ्यायच्या हातात मोबाईल हायेत. फोटोवाला कशाला उगं?"

"मला तुझा फोटो पायजे."

"माझा? माझं काय लगीन हाय का?"

मी मनात पक्कं केलं. लग्नात सगळे आपल्या फोटोच्या मागं असतात. मला माझ्या लग्नातला आईचा फोटो पाहिजे होता. तोंड चुकवलेला नाही, कुणाच्या खांद्यामागून अर्धा दिसणारा नाही. तिनं स्वतः भिंतीवर लावू द्यावा असा.

आधी मी आबांना घेऊन नांदेडला एका मोठ्या स्टुडिओत गेले. काचेचं दार, आत गारेगार. एका पोरगेल्या माणसानं आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कन्सेप्ट काय आहे?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "लग्न," ते म्हणाले.

त्यानं लॅपटॉपवर फोटो दाखवले. धुरातून चालणाऱ्या नवऱ्या, तळ्याकाठी पळणारे नवरे. सुंदर होते, खोटं कशाला बोलू. मग त्यानं बजेट विचारलं, मी सांगितलं, आणि तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, एवढ्यात आमचा ड्रोन जमिनीवरून उठतसुद्धा नाही."

जिना उतरताना आबा म्हणाले, "ड्रोन म्हंजे ते औषध फवारायचं ना गं? लग्नात कशाला लागतंय ते? पाव्हण्यायवर फवारतेत का?" मी हसत हसत उतरले, आणि खाली आल्यावर डोळे पुसले. ते हसण्याचंच पाणी होतं असं आबांना वाटू दिलं.

मग मुनीरभाई. त्यांच्याकडं जायचं मी टाळत होते ते एवढ्यासाठीच, की त्यांना लग्नाची सवय नव्हती. ते स्वतःच म्हणाले, "ताई, खरं सांगू का, सीझन दोन्हीचा एकच येतो. मी फॉर्म सोडून लग्नाला जात नाही. पण तुमचं वेगळं. या स्टुलावर बसून बसून तुम्ही मोठ्या झालात. ड्रोन नाही, क्रेन नाही, असिस्टंट नाही. मी आहे आणि एक कॅमेरा आहे. एक कॅमेरा म्हणजे एका वेळी एकच जागा, हे ध्यानात ठेवा. मागून भांडू नका."

"माझी एकच अट आहे," मी म्हणाले. "माझ्या आईचा एक चांगला फोटो."

"एक?" ते हसले. "आईचा एक फोटो ही काय अट झाली का?"

त्यांना काय माहीत.

हळदीच्या दिवशी ते सकाळच्या एस.टी.नं आले, बॅग लेकरासारखी मांडीवर धरून. आल्याआल्या त्यांनी मांडव पाहिला. लाल-पिवळ्या कनाती, झालरी, त्यावर मोराची चित्रं. त्यांचा चेहराच उतरला. "पांढरं काही नाही का?" मग आबांनी घरातली पांढरी चादर आणून दोन बांबूंना बांधली आणि मुनीरभाईंच्या जिवात जीव आला. त्या चादरीपुढं माझे झाडून सगळे नातेवाईक उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना, नजर समोर.

"मान सरळ. हनुवटी खाली. मावशी, हसू नका. कान दिसू द्या."

माझी आत्या, आबांची थोरली बहीण, तोंडाची फटकळ. ती चादरीपुढून बाजूला होत म्हणाली, "अगं शीतल, ह्यो लग्नाचे फोटो काढायलाय का जेलातले? पाटी तेवढी हातात द्यायची ऱ्हायली!"

मांडवभर हसू. मुनीरभाईही हसले आणि नेमकं तेव्हाच त्यांनी कॅमेरा दाबला. त्यामुळं माझ्या अल्बममध्ये आत्याचा एकच फोटो हसरा आहे, तोही तिच्या विनोदावर तीच हसतानाचा.

आई या सगळ्यात कुठंच नव्हती. म्हणजे होती सगळीकडं. पाटा धुताना, गहू पाखडताना, कुणाच्या लेकराला दूध देताना. पण कॅमेरा वळला की तिच्या हातात एकदम परात यायची आणि ती आत जायची. शेवटी मुनीरभाईंनी तिला दारात गाठलं. भला माणूस, आवाजात केवढी माया. आणि तोंडातून काय निघावं?

"वहिनी, पदर जरा मागं घ्या. कान दिसू द्या."

आईचा हात कानाकडं गेला. ती परात तशीच धरून आत गेली, आणि मग दुपारभर कोठीच्या खोलीतून बाहेर आली नाही. मला हळद लागत होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि माझं सगळं लक्ष त्या दाराकडं.

हळद वाळून गालांना ओढ बसायला लागली तशी मी परसात गेले. मुनीरभाई लिंबाखाली बॅटरी बदलत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. घड, झुबा, कान, कार्ड. त्यांनी दोन्ही हात कानाला लावले. "तौबा. ताई, माझ्या जिभेला वळणच पडलंय तसं. मी काय मुद्दाम बोललो का?"

"मला ठाऊक आहे. पण आता ती तुमच्यासमोर येत नाही."

आतून आत्याचा आवाज येत होता, तांदूळ कुंकवात कालवायच्या सूचना चालल्या होत्या. आणि मला एकदम सुचलं.

आमच्याकडं मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. लग्न लागताना ती समोर थांबत नाही. मागं जाते, तुळशीला पाणी घालते, आणि सावधान ऐकू आलं की समजायचं, लेक परक्याची झाली. का, ते कुणाला सांगता येत नाही. आत्या म्हणते, नजर लागते. गुरुजी म्हणाले, प्रघात आहे. मला हा प्रघात पटत नाही, तेव्हाही पटला नव्हता. मी आईला म्हणाले होते, तू समोर उभी राहा, कोण काय म्हणतंय बघू. तर ती म्हणाली, "तुझं चांगलं व्हावं वाटत आसंल तर मला तिथं उभं करू नकोस." यावर ग्रॅज्युएट माणसानं काय बोलायचं?

पण सगळ्या लग्नात तेवढाच वेळ असा, की आईच्या हाताला काम नसतं. एक तांब्या, एक तुळस, बस्स.

"मुनीरभाई," मी म्हणाले, "उद्या अक्षतेला तुम्ही स्टेजवर थांबू नका. मागं थांबा. आईपाशी."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "ताई, होशमध्ये आहात ना? अक्षतेचा फोटो नाही तर लग्नाचा फोटो काय? तुमचे पाहुणे माझा कॅमेरा मोडतील. आधी मला मोडतील."

"एका वेळी एकच जागा, तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. पण ही जागा?"

"हीच जागा."

बालाजीला मी फोन करून सांगितलं. त्यानं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "अक्षतेचे फोटो काय, सगळ्याच्या मोबाईलमध्ये येतेत. तुझ्या आईचा कोण काढणार? पण माझ्या मामाला तू सांग. मला न्हाई जमायचं." त्या एका वाक्यासाठी मी आजही त्याचे उशिरा येण्याचे दिवस माफ करते. मामांना मात्र मीही सांगितलं नाही. तेवढं धाडस कुणात होतं?

आणि म्हणून झालं असं. अक्षता वाटून झाल्या, बँड थांबला, गुरुजींनी माईक हातात घेतला, आणि बालाजीच्या मामांच्या ध्यानात आलं की स्टेजवर फोटोवाला नाही.

"फोटोवाला कुठाय? ओ फोटोवाले!"

मामांनी गुरुजींच्या हातातला माईकच घेतला. "फोटोग्राफर जिथं कुठं असतील तिथून त्यांनी ताबडतोब स्टेजवर यावं. नवरदेव खोळंबलेत." मग थोड्या वेळानं, आवाज चढवून, "जेवायला बसला आसंल तर ताटावरून उठावं!" सगळं कार्यालय मागं वळून बघत होतं. बालाजी बाशिंगाच्या मुंडावळ्यांआडून खाली बघत हसत होता, त्याचे खांदे हलत होते.

मागं काय चाललं होतं ते मला नंतर मुनीरभाईंनी सांगितलं. कार्यालयाच्या मागच्या अंगणात आचाऱ्याची भट्टी, पलीकडं रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेली तुळस, आणि तिथं आई, ट्रंकेतल्या साडीत, तांब्या धरून. मुनीरभाई पाण्याच्या टाकीपाशी उभे, अवाक्षर न बोलता. माईकवरची हाक ऐकून आईच त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमालाच बोलवायलेत जणू. जा की."

"जातो, वहिनी, जातो."

"जावा लौकर. लेकीच्या अक्षता हायेत माझ्या."

"जातो."

आणि ते हलले नाहीत. आईचं मग त्यांच्याकडं लक्षच राहिलं नाही, कारण मंगलाष्टकं सुरू झाली.

माझ्यासमोर अंतरपाट होता. पांढरा, धुतलेला, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. तेवढं स्वस्तिक सोडलं तर मुनीरभाईंचा पडदाच. मला वाटलं, आयुष्यात महत्त्वाचं काही व्हायचं असलं की आपल्याला पांढऱ्या कापडापुढं उभं करतात आणि सांगतात, सरळ बघ, हसू नकोस. कापडापलीकडं बालाजीची पावलं दिसत होती. डोक्यावर तांदूळ पडत होते, काही मानेतून आत जात होते. सगळे मला बघत होते. सगळे म्हणजे सगळेच, एक सोडून. तेवढ्यात माझा एक हुंदका बाहेर पडला. गुरुजींचा माईक माझ्या शेजारीच होता, पण त्यांचा आवाज खडा, बायकांचा गलका मोठा. कुणाला ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले.

फोटो बघायला मिळाले ते बऱ्याच दिवसांनी. मुनीरभाईंच्या दुकानात फॉर्मवाल्या पोरांची ही रांग. मी हिरवा चुडा घालून त्या रांगेतच थांबले. एक मुलगी आरशासमोर केस कानांमागं घेत होती, ओठ हलत होते, बहुतेक पाठ केलेलं काही म्हणत होती. तिची आई दाराबाहेर चपला काढून उभी. मी तिला म्हणाले, आत या, पंखा आहे. तिनं पदर सावरला आणि मान हलवून नको म्हटलं.

रांग ओसरल्यावर मुनीरभाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. फोटोंची सुरुवात तर कशी सांगू! सवयीप्रमाणं त्यांनी सगळ्यांना उजळ करून ठेवलं होतं. आबा इतके गोरे झाले होते की मी आधी विचारलं, हे कोण? मामांचा सत्काराचा फोटो तर विदेशात काढल्यासारखा. "सगळे खूश होतात ताई, म्हणून करतो," ते म्हणाले. मी म्हटलं, आबांना आबांच्या रंगात परत आणा. त्यांनी आणलं.

मग त्यांनी एक फोटो उघडला आणि खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहिले.

आई भिंतीला लागून उभी आहे. हातात तांब्या तिरपा, रिकामा. तिच्या मागं भट्टीचा धूर. ती कॅमेऱ्याकडं बघत नाही, कुणाकडंच बघत नाही. भट्टीच्या आवाजात भिंतीपलीकडचं नीट यावं म्हणून तिनं पदर उजव्या कानामागं सारलाय, आणि मान त्या बाजूला कलती केलीय. तोंड थोडं उघडं. आणि कान. फाटका, दोन फाकांचा, उन्हात अगदी स्पष्ट.

तिला कुणी म्हटलं नव्हतं, कान दिसू द्या.

मुनीरभाई म्हणाले, "ताई, तो कान कॉम्प्युटरवर जोडता येतो. असा जोडून देतो की कुणाला कळणार नाही. पैसे नको."

मी म्हणाले, "आईला विचारून सांगते." एवढं सगळं करून आईला तो फोटो नको असला, तर मग मी काय मिळवलं? तिचा लपवलेला कान तिच्या नकळत पकडून आणला, एवढंच. त्या रात्री मला त्या फोटोचा अभिमान कमी वाटत होता आणि भीती जास्त.

अर्धापूरला गेले तेव्हा आई ओट्यावर लसूण सोलत होती. मी फोटो पुढं केला. तिनं हात पदराला पुसले आणि फोटो कडांना धरला, तापलेलं ताट धरावं तसा.

"ह्यी मी हाय?"

"हाव."

ती बघत राहिली. लसणाची टरफलं वाऱ्यानं ओट्यावरून खाली जात होती. मी तिच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं.

"कान दिसायलाय," ती म्हणाली.

"हाव. मुनीरभाई म्हणतेत, जोडून देतो. कळणारपण न्हाई."

तिचा हात पदराखाली कानाकडं गेला, आणि तिथंच थांबला. फोटो तिनं डोळ्यांजवळ नेला. "ह्यो कवाचा हाय? सावधान म्हणायच्या आधीचा का नंतरचा?"

"मला काय ठाव?"

"नंतरचा हाय. बग, तांब्यातलं पाणी सरलंय." मग फोटोवरची नजर न काढता, "तवा तू रडलतीस. माईकमधून आलतं मला."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"समद्या गलक्यात तेवढंच आलतं," ती म्हणाली. "जोडू नको म्हणावं. त्यो कान ऐकायलाय. राहू दे तसाच."

आणि ती पुन्हा लसूण सोलायला बसली. फोटो मात्र मांडीवरच होता.

भिंतीचा प्रश्न मग आबांनी सोडवला. आई म्हणाली, जित्या माणसाचा कशाला लावायलाव? आबा खिळा ठोकत म्हणाले, "हार घालायचा न्हाई, बास. अन् बाप त्या भिंतीवर हाय, तू ह्या." माझ्या गाऊनच्या फोटोशेजारी त्यांनी तो लावला. आत्या आली, तिनं चष्मा पुसून पुसून पाहिला आणि म्हणाली, "वैनी, ह्या फोटोवाल्यानं सगळ्यायला जेलात टाकलं अन् तुला एकटीला सोडलं गं!" आई लाजून आत गेली. परात न उचलता.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये अक्षतेचा एकही धड फोटो नाही. मोबाईलवरचे आहेत, त्यांत कुणाच्या तरी फेट्याआड मी आणि कुणाच्या तरी हाताआड बालाजी. मामा अजून तो विषय काढतात, आणि त्यांना काय सांगायचं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. आज मुनीरभाईंच्या दुकानापुढं पुन्हा रांग होती. पलीकडच्या रस्त्यानं वरात चालली होती, आणि त्या सगळ्या आवाजातून त्यांचा आवाज येत होता, मान सरळ, हनुवटी खाली. मी थोडा वेळ थांबले आणि घरी आले.

अर्धापूरच्या आमच्या घरात आता आईचा फोटो आहे. मोठा आहे, लग्नातला आहे, कान दिसतो. आई रोज त्याच्याखाली बसून भाकरी खाते.